डक्ट साफ केले तरी धूळ आणि वास परत येतो: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

सेंट्रल एसी किंवा हीटिंग असलेल्या घरांतून येणारी एक तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की पुढचं वाक्य आता मीच पुरं करतो: डक्ट, म्हणजे खोल्यांत हवा नेणाऱ्या बंदिस्त नळ्या, साफ करून घेतले, थोडे दिवस बरं वाटलं, आणि मग ये रे माझ्या मागल्या. साफ करणाऱ्याने अंग चोरलं असणार असं घरचे धरून चालतात. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक घरांत गोष्ट वेगळी निघते. घाण डक्टमध्ये साठते खरी, पण ती येते फिल्टरच्या कडेने, रिटर्नच्या (घरातली हवा युनिटकडे परत नेणाऱ्या डक्टच्या) फटीतून, नाहीतर कॉइलखाली (हवा थंड करणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळीखाली) साचलेल्या पाण्यातून. तो रस्ता उघडा ठेवून डक्ट कितीही घासले तरी ते पुन्हा भरणारच.

म्हणून डक्ट साफ करणं हा माझ्या यादीत शेवटचा उपाय आहे. आधी फुकटात होणारं, मग स्वस्तातलं, मग अंगमेहनतीचं आणि सगळ्यात शेवटी खर्चाचं, या क्रमाने चला. अर्ध्याहून जास्त घरांचं काम शेवटपर्यंत जायच्या आधीच संपतं, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं एकाच युनिटमधून डक्टने खोल्याखोल्यांत हवा नेणाऱ्या यंत्रणेबद्दल आहे. भिंतीवरच्या साध्या स्प्लिट एसीला डक्ट नसतात, त्याची दुखणी निराळी.

लक्षणं

यातली एक-दोन किंवा बरीचशी दिसत असतील तर पुढे वाचा.

- पुसलेलं फर्निचर दोन दिवसांत पुन्हा धुळकट होतं, त्यातही हवा सोडणाऱ्या ग्रिलच्या समोरचं जास्त.
- युनिट सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटाभरात ग्रिलमधून कण उडताना दिसतात.
- कूलिंग सुरू होताना कुबट वास येतो, नीट न वाळलेल्या कपड्यांना येतो तसा.
- एखाद्याच खोलीत हवा कमी येते, बाकी घर ठीक.
- ग्रिलच्या भोवती छतावर किंवा भिंतीवर काळपट कडा उमटते.
- ग्रिलवर पाण्याचे थेंब धरतात.
- फिल्टर फार लवकर काळा होतो. किंवा याच्या बरोबर उलट: घरात धूळ मुबलक, पण फिल्टर महिनोन्महिने स्वच्छच.

शेवटचं लक्षण बघून लोक खूश होतात. मी मात्र तिथेच सावध होतो. घरात धूळ असताना फिल्टर स्वच्छ राहत असेल तर हवा त्या फिल्टरमधून जातच नाहीये.

वासाच्या बाबतीत तो कधी येतो हे लक्षात ठेवा, तंत्रज्ञाला नुसतं "वास येतो" सांगून उपयोग नाही. फक्त कूलिंग सुरू होताना येऊन काही मिनिटांत विरत असेल तर कॉइल किंवा तिचं पाणी झेलणारा ड्रेन ट्रे बघायचा. पंखा चालू असेपर्यंत सतत येत असेल तर रिटर्न कुठूनतरी नको ती हवा ओढतोय. एकाच खोलीत येत असेल तर त्या खोलीकडे जाणारी डक्टची फांदी तपासायची. आणि थंडीत पहिल्यांदा हीटिंग लावल्यावर येणारा जळका वास हा बहुतेक वेळा तापणाऱ्या भागावर उन्हाळाभर बसलेल्या धुळीचा असतो, तो थोड्या वेळात जातो. नाही गेला, किंवा प्लॅस्टिक जळाल्यासारखा आला, तर युनिट बंद करा आणि खालचा "हात कुठे थांबवायचा" हा भाग आधी वाचा.

१. फिल्टर: नुसता स्वच्छ आहे का हे पाहून थांबू नका

युनिट बंद करून फिल्टर बाहेर काढा. त्याच्या चौकटीवर बाण छापलेला असतो, तो हवा ज्या दिशेला जाते त्या दिशेला, म्हणजे ब्लोअरकडे (युनिटमधल्या पंख्याकडे) असायला हवा. उलटा बसवलेला फिल्टर मला वरचेवर सापडतो. उलटा बसला म्हणून तो लगेच निकामी होत नाही, पण जाळीचा आधार चुकीच्या बाजूला येतो आणि हवेच्या दाबाने फिल्टर वाकून कडा सोडतो.

आता खरी तपासणी. फिल्टर ज्या खाचेत बसतो ती खाच टॉर्च लावून पाहा. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूला पत्र्यावर राखाडी धुळीचे पट्टे दिसतात का? ते पट्टे बहुतेकदा एका कडेला सलग असतात, बोटाच्या रुंदीचे, आणि जिथे फट आहे नेमकी तीच जागा दाखवतात. मापाने थोडा लहान फिल्टर, वाकलेली पुठ्ठ्याची चौकट, खाचेवरचं नीट न बसणारं झाकण, यापैकी काहीतरी तिथे असतं. हवेला अडथळ्यातून जाण्यापेक्षा फटीतून जाणं सोपं पडतं. एवढ्याशा फटीतून जाणारी हवा धुळीसकट थेट ब्लोअरवर, कॉइलवर आणि तिथून डक्टमध्ये जाते.

झाकणाची परीक्षा सोपी आहे. पंखा चालू करा आणि टिश्यू पेपरची पातळ पट्टी झाकणाच्या चारी कडांवरून हळूहळू फिरवा. जिथे पट्टी आत ओढली जाईल तिथे फट. फोमची चिकटपट्टी लावली की हे काम संपतं. फिल्टर छोटा असेल तर बरोबर मापाचा आणा. मोजताना जुन्या फिल्टरवर छापलेल्या मापावर विसंबू नका, खाच मोजा, कारण छापलेलं माप जवळच्या पूर्ण आकड्यात दिलेलं असतं.

कोणता फिल्टर घ्यावा, यावर लोक फार हुरळतात. मर्व्ह रेटिंग जितकं वर तितकी बारीक धूळ अडते हे खरं. मर्व्ह ८ चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ७० टक्के अडवतो. मर्व्ह १३ चा त्याहून बारीक, ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांपैकीही किमान निम्मे पकडतो. पण एक इंच जाडीच्या खाचेत दाट फिल्टर घातला की जुन्या युनिटचा श्वास कोंडतो: हवा कमी होते, कॉइल गोठू शकते, आणि वाढलेल्या ओढीमुळे आहेत त्या फटींतून आणखी हवा आत येते. धूळ कमी करायला आणलेला फिल्टर धूळ वाढवतो तो असा. दाट फिल्टर हवाच असेल तर चार-पाच इंच जाडीची पेटी बसवून घ्या, तिच्यात घड्यांचं क्षेत्रफळ जास्त असल्याने हवेला अडथळा कमी होतो. नाहीतर मर्व्ह ८ ते ११ च्या दरम्यान राहा आणि एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदला.

२. ग्रिल आणि त्यांच्या आतला डोळ्यांना दिसणारा भाग

रिटर्नच्या ग्रिलसमोर सोफा, कपाट, पडदा काही आहे का ते पाहा. असेल तर हलवा. ग्रिल काढून धुवा. यात शिकवण्यासारखं काही नाही.

ग्रिलभोवतीच्या काळ्या कडेबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तिचा फोटो दाखवून डक्ट साफ करण्याचं काम विकलं जातं. ग्रिलमधून जोरात निघणारी हवा आजूबाजूची खोलीतली हवा आपल्यासोबत खेचते. त्या हवेतली काजळी, मेणबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातला तेलकट धूर, कार्पेटची धूळ छताच्या थंड, किंचित दमट कडेला चिकटते. म्हणजे तो डाग बरेचदा खोलीतल्याच हवेचा असतो. त्यावरून डक्टच्या आतलं काहीच कळत नाही.

आतलं पाहायचं असेल तर ग्रिल काढून मोबाईल टॉर्चसकट आत घाला आणि व्हिडिओ घ्या. डक्टच्या पत्र्यावर राखाडी धुळीची पातळ साय असणं अगदी सर्वसाधारण आहे. पांढरा रुमाल फिरवला तर तो काळा होणारच, त्यावरून घाबरू नका. पत्र्याला चिकटून बसलेली धूळ तिथेच राहते, ती खोलीत येईलच असं नाही. चिंतेच्या गोष्टी वेगळ्या: चिमटीत धरता येईल असा थर, बांधकामाचा भुगा, केसांचे पुंजके, उंदरांच्या लेंड्या, ठिपक्याठिपक्यांची बुरशी.

डक्टमधून खरोखर काही बाहेर येतंय का, हे पाहायला एक साधा प्रयोग करा. पांढऱ्या पातळ कापडाचा तुकडा सप्लायच्या (खोलीत हवा सोडणाऱ्या) ग्रिलच्या एका कोपऱ्यावर चिकटपट्टीने लावा, सगळी ग्रिल झाकू नका. तसाच दुसरा तुकडा त्याच खोलीत ग्रिलपासून लांब ठेवा. एक दिवस यंत्रणा नेहमीसारखी चालू द्या. ग्रिलवरच्या कापडावर कण दिसले आणि दुसऱ्यावर नाहीत, तर संशयाला आधार मिळाला. दोन्ही सारखेच मळले तर धूळ घरातूनच येतेय, डक्टवर खर्च करायची घाई करू नका.

३. पंख्याची सेटिंग आणि घरातला दमटपणा

थर्मोस्टॅटवर पंखा "ऑन" वर आहे की "ऑटो" वर? कूलिंगच्या दिवसांत तो सतत ऑनवर ठेवला तर कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही पंखा ओल्या कॉइलवरून हवा फिरवत राहतो आणि नुकतंच काढलेलं पाणी वाफ होऊन परत घरात येतं. दमटपणा वाढला की कुबट वास आणि बुरशी दोन्हींना बळ मिळतं. ऑटोवर टाका.

छोटा आर्द्रतामापक आणून ठेवा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० च्या दरम्यान हवी. ती सतत वर राहत असेल तर नुसते डक्ट साफ करून बुरशी थांबणार नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधावं लागेल. ग्रिलवर थेंब धरणं हेही बहुतेकदा याचंच लक्षण असतं, किंवा ग्रिलमागच्या डक्टचं इन्सुलेशन निघालेलं असतं.

४. कॉइल, ड्रेन ट्रे आणि पाण्याचा पाइप

कुबट वासाच्या दहापैकी बऱ्याच तक्रारी इथे मिटतात, म्हणून इथे वेळ द्या.

आधी, नुसता थर्मोस्टॅट नाही, मेन स्विच बंद करा. युनिटचं जे झाकण साध्या स्क्रूने उघडतं तेवढंच उघडा. टॉर्च लावून ट्रेमध्ये पाहा. कूलिंग चालू असताना ट्रे ओला असणं ठीक, पण साचलेलं पाणी, तळाशी चिकट तपकिरी शेवाळासारखा थर, किंवा ट्रेच्या काठावर पाणी चढून गेल्याची खूण असेल तर पाइप तुंबलाय. पाइपाच्या बाहेरच्या टोकाला ओली-कोरडी चालणारी व्हॅक्यूम लावून कचरा खेचून काढता येतो. नंतर ट्रेमध्ये साधं पाणी ओतून ते न अडता बाहेर जातंय का ते पाहा. ट्रेचा उतार पाइपाच्या तोंडाकडे आहे का तेही पाहा. युनिट किंचित कललं असेल तर पाइप मोकळा असूनही एका कोपऱ्यात पाणी कायम राहतं.

मग ट्रॅप, म्हणजे पाइपाला दिलेला यू आकाराचा वळसा. ज्या युनिटमध्ये ब्लोअर कॉइलमधून हवा खेचतो तिथे ट्रेच्या भागात ओढ असते. वळशात पाणी भरलेलं असलं तर ती ओढ अडते. वळसाच नसेल, किंवा हीटिंगच्या हंगामात त्यातलं पाणी वाळून गेलं असेल, तर युनिट पाइपातून हवा आत ओढतं. तो पाइप गटाराला जोडलेला असला तर सगळ्या घरात गटाराचा वास, आणि लोक डक्टमध्ये उंदीर मेला म्हणून डक्ट उघडायला निघतात. वळशात पेलाभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी वास बघा.

कॉइलच्या पात्यांवर हवा येते त्या बाजूने पाहायचं. पलीकडची बाजू चकचकीत दिसते आणि फसवते. घाण आत शिरते त्या तोंडाशी लोकरीच्या कांबळ्यासारखी धरलेली असते. हात सहज पोचत असेल तर मऊ ब्रशने पात्यांच्या रेषेतच वरून खाली झाडा. आडवा ब्रश मारला की पात्या वाकतात आणि हवेचा रस्ता बंद होतो. ब्लीच, ॲसिड किंवा घरातलं फरशीचं औषध कॉइलवर ओतू नका. धातू खातं आणि त्याची वाफ सगळ्या घरात जाते. कॉइल सीलबंद पेटीत असेल, किंवा उघडायला गॅसच्या नळ्या हलवाव्या लागत असतील, तर हे काम तुमचं नाही.

५. रिटर्नची गळती

माझ्या मते वारंवार येणाऱ्या धुळीचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच.

सप्लायच्या डक्टमध्ये दाब असतो. तिथे फट असली तर हवा बाहेर जाते, वीज वाया जाते, पण धूळ आत येत नाही. रिटर्नच्या डक्टमध्ये ओढ असते. तिथली फट बाहेरचं आत घेते. रिटर्न पोटमाळ्यातून गेला असेल तर तिथली धूळ आणि इन्सुलेशनचे तंतू, तळघरातून गेला असेल तर ओल आणि मातीचा वास, गॅरेजशेजारून गेला असेल तर धूर आणि रंगाचे वास. फट फिल्टर आणि ब्लोअर यांच्या मधे असेल तर यातलं काहीच गाळलं जात नाही. वर सांगितलेला "स्वच्छ फिल्टर, धुळकट घर" हा प्रकार बहुतेकदा याच जागेचा.

गळती ही अपवादाने होणारी गोष्ट आहे असं समजू नका. अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या अंदाजाने साधारण घरात डक्टमधून फिरणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के फटी, भोकं आणि निसटलेल्या सांध्यांतून वाया जाते.

तपासणी अशी. पंखा चालू ठेवून रिटर्नच्या मार्गावर जिथे जिथे हात पोचतो तिथे टिश्यूची पट्टी फिरवा. युनिटला रिटर्न जिथे जोडला जातो तो सांधा, ग्रिलमागची पेटी आणि भिंत यांच्यामधली फट, कोपरे. डक्टवर इन्सुलेशन असेल तर त्यावरचे काळे डाग शोधा: गळती होते तिथे इन्सुलेशनच फिल्टरचं काम करतं आणि काळं पडतं. ग्रिल काढून आत नजर टाका. कधी कधी आत डक्ट नसतोच. भिंतीतली किंवा जिन्याखालची पोकळीच रिटर्न म्हणून वापरलेली असते, आतून कच्च्या विटा, लाकडाचा भुसा, सिमेंटचे गोळे. अशा पोकळीला साफ करून काही होत नाही, आतून अस्तर लावून ती हवाबंद करावी लागते.

बुजवायला मॅस्टिक (सांध्यांवर लावायचा घट्ट लेप) वापरा, किंवा यूएल १८१ या डक्टसाठीच्या अमेरिकी मानकाची छाप असलेली फॉइल टेप. दुकानात डक्ट टेप म्हणून मिळणारी कापडी पाठीची टेप डक्टवर लावू नका. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये वेगवेगळ्या टेपा तापवून-थंडावून तपासल्या, तेव्हा डक्टच्या सांध्यांवर हीच टेप निकामी ठरली. उष्णतेने तिचा रबरी गोंद वाळतो आणि टेप आपोआप सुटून लोंबकळते. मी उघडलेल्या कितीतरी युनिटांत ती अशीच लोंबकळताना दिसते. शिवाय टेप किंवा मॅस्टिक लावायच्या आधी पत्रे स्क्रूने एकमेकांना घट्ट जोडा, पृष्ठभाग पुसून कोरडा करा. सुट्या सांध्यावर लावलेलं मॅस्टिक हालचालीने तडकतं.

एक सूचना: घरात गॅसची भट्टी किंवा गॅसचा गीझर त्याच खोलीत असेल तर रिटर्नची गळती हा धुळीपुरता प्रश्न राहत नाही. ओढ वाढली की धुराड्यातून बाहेर जाणारा धूर उलटा घरात येऊ शकतो. अशा खोलीत फट सापडली तर बुजवून घ्या, पण धुराड्याचा खेच एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

६. लवचिक डक्ट आणि ब्लोअर

एकाच खोलीत हवा कमी असेल तर त्या खोलीकडे जाणारा लवचिक डक्ट पाहा. तो सामानाखाली दबलेला, दुमडलेला, नाहीतर जास्तीचा पडून सापासारखा वळलेला असतो. सरळ ताणून आधार द्या. हा भाग साफ करण्यापेक्षा बदलणं बरेचदा शहाणपणाचं, कारण आतलं पातळ अस्तर फिरत्या ब्रशने फाटतं.

सगळ्याच घरात हवा कमी असेल तर ब्लोअर. मेन बंद करून मोबाईलने चाकाच्या पात्यांचा फोटो घ्या. पात्यांचा खोलगट भाग धुळीने भरून सपाट झाला असेल तर चाक फिरतं पण हवा ढकलत नाही. घरच्या घरी एवढंच पाहा. चाक काढणं, त्याचा तोल न बिघडवता साफ करणं आणि वीज बंद असतानाही चार्ज धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरजवळ हात घालणं, हे तंत्रज्ञाचं काम. तो आला की त्याला मॅनोमीटरने डक्टमधला दाब मोजायला सांगा. बऱ्याच घरगुती युनिटांची मर्यादा पाण्याच्या अर्ध्या इंचाच्या, म्हणजे साधारण १२५ पास्कलच्या आसपास असते. मोजमाप न करता "डक्ट तुंबलेत" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

हात कुठे थांबवायचा

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, किंवा हीटिंग चालू असताना घरातल्यांना डोकेदुखी, मळमळ, गुंगी येते आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं: सगळ्यांनी घराबाहेर पडा आणि बाहेरूनच आपत्कालीन मदत बोलवा. खिडक्या उघडून आत कारण शोधत बसू नका. भट्टीची ज्योत निळी आणि स्थिर सोडून पिवळी, हेलकावणारी दिसली, किंवा भोवती काजळी दिसली तर गॅस बंद करा आणि तंत्रज्ञ येईपर्यंत चालू करू नका.

जुन्या घरात डक्टच्या सांध्यांवर पांढरी-करडी, कागदासारखी किंवा पुठ्ठ्यासारखी पट्टी असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. खरवडू नका, व्हॅक्यूम लावू नका, फाडून पाहू नका. नुसती बघून ओळख पटत नाही, नमुन्याची चाचणी प्रयोगशाळेतच होते आणि नमुना घेणंही प्रशिक्षित माणसाचं काम.

डक्टच्या आतलं इन्सुलेशन भिजलं किंवा त्यावर बुरशी धरली तर ते साफ होत नाही, काढून नवं बसवावं लागतं. कुणी "फवारा मारून देतो" म्हणाला तर नको म्हणा. बुरशीचा संशय आहे तोवर यंत्रणा बंद ठेवा, नाहीतर पंखा तिचे बीजाणू सगळ्या घरात पोचवतो. उंदरांच्या लेंड्यांचंही तसंच: कोरडा झाडू मारू नका, त्यांची धूळ श्वासात जाणं धोक्याचं आहे.

कॉइलवर बर्फ धरला तर कूलिंग बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, बर्फ वितळू द्या. फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला, किंवा ब्रेकर दुसऱ्यांदा पडला, तर तिसऱ्यांदा चालू करून बघू नका. शीतक वायूच्या नळ्यांना तर परवाना असल्याशिवाय हात लावायचाच नाही.

आता डक्ट साफ करून घ्यायचे असतील तर

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं म्हणणं माझ्या अनुभवाशी जुळतं: डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे दर वर्षी ठरवून साफ करायची गरज नाही. पण डक्टमध्ये किंवा युनिटच्या भागांवर डोळ्यांना दिसणारी बुरशी असेल, उंदीर-किड्यांनी घर केलं असेल, किंवा डक्ट कचऱ्याने भरून कण खोलीत येत असतील, तर जरूर करा. घरात तोडफोड आणि प्लास्टर घासण्याचं काम झालं असेल आणि तेव्हा ग्रिल झाकल्या नसतील, तर तेही माझ्या मते योग्य कारण.

क्रम पाळा: आधी पाणी आणि गळती, मग सफाई. साफ करताना सगळ्या डक्टवर मोठी ओढ लावली जाते. फटी उघड्या असतील तर ती ओढ कमी पडते आणि पोटमाळ्यातली धूळ त्याच वेळी आत येते.

चांगलं काम कसं दिसतं? मोठं व्हॅक्यूम यंत्र मुख्य डक्टला जोडून सगळा मार्ग ओढीखाली ठेवतात आणि मग एकेका फांदीत ब्रश किंवा दाबाच्या हवेचे चाबूक घालून सैल झालेली घाण त्या यंत्राकडे ढकलतात. यंत्राची हवा घरातच सुटत असेल तर त्याला हेपा फिल्टर हवा, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ब्लोअर, कॉइल आणि ट्रे या कामात आलेच पाहिजेत. ते वगळून फक्त डक्ट साफ केले तर पहिल्याच दिवशी ब्लोअरची घाण स्वच्छ डक्टमध्ये जाते. साधारण घराला दोन माणसांना काही तास लागतात. ग्रिलमध्ये घरगुती व्हॅक्यूमची नळी घालून तासाभरात "झालं" म्हणणारे सगळीकडे आहेत, आणि आत गेल्यावर "भयंकर बुरशी" सापडून रक्कम फुगवणारेही.

ठरवण्याआधी विचारायचे प्रश्न थोडेच: ओढ कुठे लावणार, युनिटचे भाग धरलेत का, आधीचे आणि नंतरचे फोटो त्याच जागेचे देणार का, लवचिक डक्ट आणि इन्सुलेशन असलेले डक्ट कसे हाताळणार. नॅशनल एअर डक्ट क्लीनर्स असोसिएशन, म्हणजे नाडका, या व्यावसायिकांच्या संघटनेची कार्यपद्धती माहीत आहे का हेही विचारा, उत्तरावरून माणूस कळतो. बुरशी आहे असं कोणी सांगितलं तर ती दाखवायला सांगा, शंका असेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. जंतुनाशक फवारा किंवा ओझोन सफाईच्या पॅकेजमध्ये आपसूक घातलेला असेल तर काढायला लावा. इन्सुलेशन असलेल्या डक्टमध्ये फवारे मारणं मला कुठल्याच कारणाने पटत नाही.

काम सुरू व्हायच्या आधी डक्टमधल्या डँपरच्या, म्हणजे हवा कमीजास्त करणाऱ्या झडपांच्या, मुठींवर पेनने खुणा करा. साफ करताना त्या हलतात, तशाच राहतात, आणि मग महिनाभर कुणालाच कळत नाही की मागची खोली अचानक का तापतेय.

माणसं निघायच्या आधी पंखा चालू करायला सांगा. त्यांनी व्हॅक्यूमसाठी डक्टला पाडलेली भोकं पत्र्याने बंद करून वर मॅस्टिक किंवा फॉइल टेप लावली आहे का ते टिश्यूची पट्टी धरून पाहा. नवा फिल्टर बाण बरोबर ठेवून तुम्ही स्वतः बसवा. तो फिल्टर पंधरा दिवसांनी काढून बघा: सफाईत सैल झालेली उरलीसुरली धूळ त्यात आलेली असेल, तेव्हा पहिला फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावा लागेल. आणि पलीकडच्या पत्र्यावर पुन्हा राखाडी पट्टा दिसला, तर पहिल्या तपासणीपासून परत सुरू करा.